लिव्हर ओढला, पण रोल सरकला का?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

गेल्या अंकात कपाटात पडून असलेले जुने रेंजफाइंडर, म्हणजे लेन्सऐवजी वेगळ्या खिडकीतून बघायचे, फिल्मचे कॅमेरे पुन्हा वापरात कसे आणावेत यावर थोडं लिहिलं होतं. त्यावर कोल्हापूर आणि आसपासहून आलेली बरीचशी पत्रं एकाच जागी अडली आहेत: रोल पुढे सरकत नाही, किंवा भलताच सरकतो. म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलंय.

आधी आत काय घडतं ते पाहू, खालच्या उत्तरांत त्याचा संबंध वारंवार येणार आहे. फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर एकदा पूर्ण ओढला की चार कामं एकदम होतात. दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट, फिल्मला एक फ्रेम पुढे नेतं. उजवीकडचं टेक-अप स्पूल ती आलेली फिल्म गुंडाळून घेतं. शटर चढतं, म्हणजे पुढच्या फोटोसाठी ताणलं जातं. आणि फोटो मोजणारा काउंटर एक घर पुढे जातो. फिल्म मोजायची ती स्प्रॉकेटनं. स्पूल फक्त गोळा करणारं. स्पूलवर थर चढत जातात तसं एका फ्रेमसाठी त्याला कमी फिरावं लागतं, म्हणून त्याच्या आत घसरणारा क्लच, म्हणजे ताण आला की सैल सुटणारी जोडणी, ठेवलेला असतो. चारांपैकी एक काम बंद पडलं तरी बाकीची तीन बिनबोभाट चालू राहू शकतात. फसगत होते ती इथेच.

आजोबांचा याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन आहे. रंकाळा आणि पन्हाळा मिळून ३६ फोटो काढले. काउंटर ३६ च्या पुढे गेला तरी लिव्हर अडला नाही, म्हणून तसाच रिवाइंड करून धुवायला दिला. अख्खा रोल कोरा आला. लॅबनं घालवला का? (राजारामपुरी)

लॅबला बोल लावण्याआधी धुतलेल्या पट्टीच्या कडा उजेडासमोर धरा. छिद्रांच्या बाजूला फिल्म कंपनीचं नाव आणि फ्रेमचे आकडे दिसतात का? ते कारखान्यातच प्रकाशानं उमटवलेले असतात आणि फिल्म धुतल्यावरच दिसू लागतात. ते ठळक असतील तर लॅबनं काम नीट केलंय. कडासुद्धा कोऱ्या असतील तरच केमिकलमध्ये घोळ झाला असं म्हणता येईल.

कडा ठीक आणि मधला भाग कोरा, याला तीन कारणं संभवतात. लेन्सवर झाकण राहिलं असेल. रेंजफाइंडरमध्ये आपण वेगळ्या खिडकीतून बघतो, त्यामुळे झाकण तसंच असलं तरी समोरचं दृश्य स्वच्छ दिसतं. दुसरं, शटरची पाती चिकटली असतील. तिसरं, फिल्म जागची हललीच नसेल. तुमच्या पत्रातच उत्तर आहे: ३६ चा रोल फार तर ३७-३८ ला घट्ट होऊन अडायला हवा होता. तो अडला नाही, म्हणजे फिल्मचं टोक पहिल्याच फेरीला स्पूलमधून निसटलं. काउंटर लिव्हरला जोडलेला असतो, फिल्मला नाही. रिकाम्या कॅमेऱ्यातही तो ३६ पर्यंत जाईल. धुवायला देण्याआधी हे लक्षात आलं असतं तर तोच रोल पुन्हा वापरता आला असता.

पुढचा रोल असा भरा. कॅसेट डावीकडच्या कप्प्यात बसवा, रिवाइंड नॉब (फिल्म परत कॅसेटमध्ये गुंडाळायचा) खाली दाबून तिच्यात नीट अडकवा. फिल्मचं टोक स्पूलच्या फटीत आत जाईल इतकं सरकवा. नुसतं टेकवून ठेवलं तर सुटणारच. पाठ उघडीच ठेवून लिव्हर हळू ओढा आणि फिल्मच्या वरच्या व खालच्या, दोन्ही बाजूंची छिद्रं स्प्रॉकेटच्या दातांवर बसलेली दिसेपर्यंत बघत राहा. एकाच बाजूची बसली असतील तर फिल्म तिरकी चाललीय, काढून परत घाला. मग रिवाइंड नॉब बाणाच्या दिशेनं अगदी अलगद फिरवून ढील काढून घ्या. हाताला अडकल्यासारखं लागलं की थांबा. पाठ बंद करा.

आता लिव्हर ओढताना नजर रिवाइंड नॉबवर ठेवायची. तो बाणाच्या उलट दिशेनं फिरला पाहिजे. ढील काढली नसेल तर पहिल्या एक-दोन वेळा तो स्थिर राहतो आणि माणूस उगाच घाबरतो, म्हणून ढील आधीच काढायची. तीन वेळा ओढूनही नॉब हलला नाही तर तिथेच उघडून बघा, फार तर दोन-तीन फ्रेम जातील.

रोलच्या मध्येच शंका आली तर रिवाइंडचं बटण न दाबता नॉब बाणाच्या दिशेनं थोडासा फिरवा. लगेच अडला तर फिल्म जागेवर आहे. गरागरा फिरत राहिला तर फिल्म सुटलीय.

मिनोल्टा हाय-मॅटिक आहे. ३६ च्या रोलमध्ये २८ च फोटो बसले. दोन फोटोंमधली जागा सुरुवातीपासूनच जास्त आहे आणि शेवटाकडे वाढतच गेलीय. मित्राच्या कॅमेऱ्यात उलट: फोटो एकमेकांवर चढतात, तेही कधी चढतात, कधी नाही. दोन्हीला एकच दुरुस्ती का? (लक्ष्मीपुरी)

नाही, दोन्ही आजार वेगळे. तुम्ही पट्टी नीट बघितलीत त्यामुळे निदान पत्रावरूनच करता येतंय.

थोडं गणित. ३५ मिमी फिल्मवर एका छिद्रापासून पुढच्या छिद्रापर्यंतचं अंतर ४.७५ मिमी असतं. स्थिर कॅमेऱ्याची एक फ्रेम आठ छिद्रांची, म्हणजे ३८ मिमी. त्यातलं चित्र ३६ मिमी, उरलेले २ मिमी ही मधली रिकामी जागा. सिनेमाच्या कॅमेऱ्यात हीच पट्टी उभी धावते आणि एक फ्रेम चार छिद्रांची असते. कोल्हापूरच्या खरी कॉर्नरला ज्याची आठवण स्तंभ करून ठेवलीय त्या, मूकपट काढणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या कॅमेऱ्याचा हिशेब तो. लायकाच्या ऑस्कर बार्नाकनं पट्टी आडवी केली आणि फ्रेम दुप्पट केली, तिथून २४ बाय ३६ मिमीचं चित्र आलं. बहुतेक कॅमेऱ्यांत स्प्रॉकेटला आठ दात असतात, म्हणजे एक फ्रेम म्हणजे त्याचा बरोबर एक फेरा.

तुमच्या कॅमेऱ्यात स्प्रॉकेट मोजणीतून बाहेर पडलंय आणि फिल्म नुसतं स्पूल ओढतंय. पहिल्या फ्रेमलाही पुरून उरावं म्हणून स्पूलला मुळातच गरजेपेक्षा जास्त फिरवलेलं असतं, त्यामुळे जागा पहिल्यापासून मोठी. पुढे थर चढतात, घेर वाढतो, एका फेऱ्यात जास्त फिल्म ओढली जाते, म्हणून शेवटी आणखी मोठी. संशय तळाच्या रिवाइंड बटणावर धरा. ते दाबलं की स्प्रॉकेट मोकळं सुटतं आणि पुढच्या वेळी लिव्हर ओढला की ते आपोआप वर यायला हवं. आत वाळलेलं ग्रीस किंवा माती असेल तर ते आतच अडकतं. कॅमेरा रिकामा करून बटण दहा-बारा वेळा दाबा-सोडा आणि प्रत्येक वेळी लिव्हर ओढून ते उसळतं का पाहा. सुस्त असेल तर टूथपिकच्या टोकावर लायटर फ्लुइडचा एक थेंब घेऊन बटणाच्या कडेला लावा, पुन्हा दाबा-सोडा. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. बटण उसळतंय तरी पाठ उघडी असताना स्प्रॉकेट बोटानं मोकळं फिरतंय, असं असेल तर खालचा क्लच झिजलाय. ते काम मेकॅनिकचं.

मित्राकडे फिल्म स्प्रॉकेटच्या दातांवरून मधूनमधून घसरतेय. कारणं अशी: स्पूलचा क्लच सैल पडला की सरकलेली फिल्म वेळेत गुंडाळली जात नाही, तिला पोट सुटतं आणि ती दातांवरून उचलली जाते. रोल भरताना ढील राहिली तरी हेच. छिद्रं फाटली असतील तरी हेच, म्हणून धुतलेली पट्टी भिंगाखाली बघायला सांगा; छिद्रांचे कोपरे चिरलेले दिसले तर लिव्हर कुठेतरी जोरानं ओढला गेलाय. बल्क फिल्म, म्हणजे लांबलचक सुटी फिल्म, कापून जुन्या कॅसेटमध्ये भरण्याची सवय असेल तर तेही तपासा. ३६ फ्रेमना ३८ मिमीनं १,३६८ मिमी, आणि आधीची-नंतरची मोकळी पट्टी धरून साधारण १.६ मीटर फिल्म लागते. हौसेनं ४२-४३ फ्रेमची फिल्म कोंबली की कॅसेट घट्ट होते, स्प्रॉकेटवर ताण येतो आणि छिद्रं फाटतात.

खात्री करायची असेल तर टाकाऊ रोल वापरा. पाठ उघडी ठेवून फिल्म बसवा, ज्यात चित्र पडतं त्या चौकटीच्या उजव्या कडेला फिल्मवर मार्करनं रेघ मारा, लिव्हर ओढा, शटर दाबा, पुन्हा रेघ. आठ-दहा वेळा करून रेघांमधलं अंतर पट्टीनं मोजा. सगळीकडे ३८ मिमी आलं तर कॅमेऱ्याला दोष नाही, भरण्यात चूक होतेय. अंतर सारखंच पण ३८ पेक्षा कमी आलं तर लिव्हरचा फेरा पूर्ण होत नाही किंवा गियरचा एखादा दात गेलाय. वेडंवाकडं आलं तर क्लच.

झोर्की-४ आहे. वरचा नॉब फिरतच राहतो, शटर चढत नाही. (जयसिंगपूर)

शटरच्या बटणाभोवतीची कडी बघा. रिवाइंड करताना ती फिरवलेली असते आणि परत जागेवर आणायची राहते. ती पूर्ण आणा, मग नॉब फिरवा. दुसरं, झोर्की-४ वर शटरचा वेग नेहमी नॉब फिरवून शटर चढवल्यानंतरच बदलायचा. आधी बदलला तर आतली यंत्रणा बिघडू शकते, आणि तो बिघाड बाहेरून दुरुस्त होत नाही. फेड-२ या सोव्हिएत कॅमेऱ्यालाही हाच नियम.

कॅनोनेट क्यूएल१७ जी-३. बाविसाव्या फोटोला लिव्हर एकदम दगड. शटरचं बटणही दबत नाही. जोर लावू का? (इचलकरंजी)

नका लावू. लिव्हर जोरानं ओढला की फिल्मची छिद्रं चिरतात किंवा फिल्म कॅसेटमधल्या दांडीपासून तुटते, आणि मग पाच मिनिटांचं काम दोन दिवसांचं होतं.

तुमच्या कॅमेऱ्यात एक खास गोष्ट आहे. ॲपर्चरची (उजेड किती आत घ्यायचा ते ठरवणारी) कडी ‘ए’वर, म्हणजे ऑटोवर, असेल आणि उजेड मीटरच्या आवाक्याबाहेर असेल तर कॅनोनेट शटरचं बटण दाबूच देत नाही. बॅटरी संपली असेल तरी तेच, कारण मग काटा तळाशी पडून राहतो. आणि शटर सुटलं नाही तर लिव्हर पुन्हा ओढता येत नाही, एका फ्रेमवर दोनदा फोटो पडू नये म्हणून ते कुलूप मुद्दाम ठेवलेलं असतं. लिव्हर जाम वाटतो, पण कॅमेरा नीट असतो. कडी ‘ए’वरून काढून ५.६ किंवा ८ वर आणा आणि बटण दाबा. शटर वाजलं, लिव्हर सुटला, तर विषय संपला, बॅटरी बदला. हा कॅमेरा १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीसाठी बनलाय, ती आता मिळत नाही. त्याच आकाराची १.५ व्होल्टची अल्कलाइन बसते पण मीटर थोडं चुकतं. हातानं ॲपर्चर लावणार असाल तर बॅटरीची गरजच नाही.

कडी काढूनही बटण हललं नाही तर सेल्फ-टायमरची दांडी बघा. ती अर्धवट उतरलेली असेल तर शटर मधेच लटकतं. बोटानं हळूच तिला मूळ जागी ढकला. तसंही नसेल तर लिव्हर मागे नेऊन पूर्ण ओढला गेलाय का पाहा. कित्येकदा तो पाऊण ओढून सोडलेला असतो: शटर चढलेलं नाही म्हणून बटण दबत नाही, आणि आपण दोन्ही जाम समजतो. राहिलेला पाव फेरा पूर्ण केला की टक् करून बसतो.

एवढं करूनही दगडच राहिला तर फिल्म वाचवायला लागा. तळाचं बटण दाबा, रिवाइंडची दांडी बाणाच्या दिशेनं हळू फिरवा. ताण लागतोय आणि फिल्म येतेय असं हाताला कळलं तर सावकाश पूर्ण गुंडाळा, मग रिकामा कॅमेरा तपासा. पाठ उघडी असताना लिव्हर मोकळा चालला तर दोष फिल्मचा किंवा कॅसेटचा. रिकामाही अडत असेल तर शटर किंवा गियरचा.

दांडी बिनताण फिरत राहिली तर फिल्म तुटलीय. पाठ उजेडात उघडू नका. चेंजिंग बॅग (बाहेरून हात घालून आत अंधारात फिल्म हाताळायची काळी पिशवी) नसेल तर रात्री खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये जा, दाराच्या फटीला चादर लावा आणि पाच मिनिटं नुसते थांबा. डोळे सरावल्यावर स्वतःचा हात दिसला तर अंधार पुरेसा नाही. रंगीत फिल्मला लाल दिवासुद्धा चालत नाही. पाठ उघडा, स्पूलवरची फिल्म कडांना धरून सोडवा, बोटांनी सैल गुंडाळा, काळ्या अपारदर्शक डबीत घाला आणि झाकणाभोवती चिकटपट्टी लावा. डबीवर ठळक लिहा: ‘सुटी फिल्म, अंधारातच उघडा.’ हे लिहायला विसरलात तर पुढचा माणूस कौतुकानं झाकण उघडून बघतो.

जोतिबाच्या चैत्र यात्रेत दिवसभर कॅमेरा गळ्यात होता. घरी आल्यावर लिव्हर करकरतोय आणि परत यायला वेळ लावतोय. ओल्या फडक्यानं पुसून डब्ल्यूडी-४० मारू का? (कसबा बावडा)

दोन्ही नको. गुलालाची भुकटी कोरडी आहे तोवर झटकून निघते. ओल लागली की तिची लापशी होते आणि लिव्हरखाली जाऊन वाळते. तोंडानंही फुंकू नका, थुंकीचे शिंतोडे जातात. रबरी ब्लोअर घ्या, कॅमेरा उलटा धरा, लिव्हरच्या बुंध्याभोवती, नॉबच्या खाली आणि पाठीच्या फटीत हवा मारा. नंतर मऊ कोरडा ब्रश. मेकअपचा नवा ब्रश उत्तम.

आत रोल असेल तर बाहेरून पूर्ण साफ होईपर्यंत पाठ उघडायची नाही. रिवाइंड अगदी सावकाश करा. कॅसेटच्या तोंडाला जी मखमली पट्टी असते तिच्यात गुलाल बसला असेल तर फिल्मवर टोकापासून टोकापर्यंत सरळ ओरखडे उठतात. वेगानं ओढली तर जास्त. रोल निघाला की स्प्रॉकेट, दोन्ही कप्पे आणि पाठीवरची दाबपट्टी ब्रशनं साफ करा. शटरच्या पडद्याला किंवा पात्यांना ब्रश लावू नका, तिथे फक्त हवा, तीही लांबून.

डब्ल्यूडी-४० बद्दल जरा जास्त लिहितो, कारण हा प्रश्न दर महिन्याला येतो आणि दर महिन्याला कुणीतरी ते मारून मगच पत्र लिहितो. ते पातळ असतं, सरपटतं. लिव्हरवर मारलेलं आठवड्याभरात शटरच्या पात्यांवर पोचू शकतं. त्यातला पातळ भाग उडून जातो आणि मागे चिकट थर राहतो. पाती एकमेकांना धरतात. लिव्हर मऊ झाला आणि शटर गेलं, असा तो सौदा आहे.

करकर तरीही राहिली तर लिव्हर उतरवावा लागेल. त्याच्या डोक्यावरच्या टोपणाला बहुधा दोन बारीक भोकं असतात आणि तिथे दोन टोकांचा पाना लागतो. विकत मिळाला नाही तर उद्यमनगरात कुठल्याही छोट्या वर्कशॉपमध्ये स्टीलच्या पट्टीतून तासून देतील; भोकांमधलं अंतर व्हर्नियरनं मोजून न्या, अंदाजानं सांगू नका. पाना घसरला की टोपणावर कायमचा चरा. काही कॅमेऱ्यांत या टोपणाचे आटे उलटे असतात, म्हणून एका दिशेनं सुटलं नाही तर जोर वाढवण्याआधी दुसऱ्या दिशेनं हलकेच बघा. जपानी कॅमेऱ्यांच्या स्क्रूची चौफुली आपल्या नेहमीच्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरपेक्षा थोडी वेगळी असते. साधा ड्रायव्हर तिच्यातून वर उचलला जातो आणि स्क्रूचं डोकं खातो. ‘जेआयएस’ (जपानी प्रमाणाचा) असं सांगून मागवा.

लिव्हर काढल्यावर कोणती वॉशर कशावर होती त्याचा प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा आणि सुटे भाग काढल्या क्रमानं चिकटपट्टीवर ओळीनं लावून ठेवा. जुनं ग्रीस पिवळट मेणासारखं झालेलं दिसेल. कापसाच्या काडीवर लायटर फ्लुइड घेऊन ते पुसा. खिडकी उघडी, गॅस बंद. नवीन ग्रीस टूथपिकच्या टोकावर मावेल तेवढंच, तेही धातूवर धातू घासतो तिथेच. क्लचच्या स्प्रिंगला ग्रीस लावलं तर तो घसरायला लागतो आणि तुम्ही लक्ष्मीपुरीच्या प्रश्नावर येऊन पोचता.

याशिका इलेक्ट्रो ३५ मध्ये लिव्हर पूर्ण फिरतो, फिल्मही सरकते, पण पूर्वी ओढताना आतून ‘टक्’ असा जाड आवाज यायचा तो येत नाही. फोटोही पांढुरके येतात. (शाहूपुरी)

कान चांगला आहे तुमचा. या मालिकेचा हा ठरलेला आजार. शटरच्या दांड्याला आत रबराची एक छोटी गादी असते. पन्नास-साठ वर्षांत ती भुसभुशीत होते किंवा डांबरासारखी वितळते. मग दांडा पूर्ण वर येत नाही. लिव्हर ओढताना तो वर उसळल्याचाच तो आवाज होता. दांडा अर्धवट राहिला की इलेक्ट्रॉनिक्सची सुरुवात चुकते, वरचे लाल-पिवळे दिवे बेभरवशाचे होतात आणि शटर गरजेपेक्षा जास्त वेळ उघडं राहतं. पांढुरके फोटो त्याचेच.

बॅटरी बदलून हे जाणार नाही. तरी बॅटरीची एक तपासणी करून ठेवा: बॅटरी काढली तरी हा कॅमेरा एकाच वेगानं, १/५०० सेकंदानं, चालतो. मूळची ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी बंद झाली, आता ६ व्होल्टची ४एलआर४४ छोट्या अडॅप्टरमध्ये घालून वापरतात.

गादी बदलायला समोरची बाजू उघडावी लागते, आणि लेन्सच्या मागच्या बारीक तारा हाताळायला लागतात. सोल्डरिंगचा सराव नसेल तर मेकॅनिककडे द्या, पण देताना ‘शटर खराब आहे’ असं मोघम सांगू नका. ‘लिव्हर ओढताना टक् येत नाही, आतली रबरी गादी बघा’ असं सांगा. नाहीतर तो सर्किट बदलायला निघेल.

लायका एम३ घेतला. प्रत्येक फोटोला लिव्हर दोनदा ओढावा लागतो. विकणाऱ्यानं फसवलं का? (ताराबाई पार्क)

नाही. एम३ १९५४ साली आला तेव्हा लिव्हर दोन फेऱ्यांचाच होता, एका फेऱ्याचा १९५८ च्या सुमारास झाला. तुमच्याकडे आधीचा आहे. मात्र दोन फेऱ्यांनंतरही तिसरा लागत असेल तर दाखवून घ्या.

आजोबांचा लायका ३एफ. तळाकडून रोल भरायचा आहे. दोनदा भरला, दोन्ही वेळा फिल्म आत चुरगळली आणि छिद्रं फाटली. (गडहिंग्लज)

या कॅमेऱ्याची पाठ उघडत नाही, फिल्म खालून फटीत सोडायची असते. आजच्या रोलचं अरुंद टोक त्यासाठी फार आखूड पडतं. रुंद भाग चौकटीच्या कडेला अडकतो आणि चुरगळतो. ते टोक कात्रीनं साधारण १० सेंटीमीटर लांब करून घ्या, जुन्या रोलना तेवढंच असायचं. वरच्या बाजूनं, म्हणजे जिथे आधीच कापलेलं आहे त्याच बाजूनं, सरळ रेषेत पुढे कापत न्या आणि शेवटी गोलाई देऊन बाहेर काढा. कात्री छिद्राच्या मधून जाऊ देऊ नका. अर्धं कापलेलं छिद्र पुढे चिरत जातं आणि त्याचा तुकडा शटरच्या पडद्यात जाऊन बसतो. मग पडदा अडतो आणि दुरुस्ती रोलच्या किमतीच्या कितीतरी पट.

कापून झालं की टोक स्पूलच्या पट्टीखाली पक्कं सरकवा. स्पूल आणि कॅसेट दोन्ही हातांत समांतर धरून एकदम खाली सोडा. तळ बसवण्याआधी नॉब थोडा फिरवून दोन्ही बाजूंची छिद्रं दातांवर आलीत का ते खालून बघा. पत्त्याचं पान आत घालून न कापता फिल्म सरकवण्याची एक युक्ती सांगितली जाते. चालते, पण हात बसेपर्यंत कापलेलीच बरी.

काउंटर शून्यावर येत नाही. (कागल)

जपानी कॅमेऱ्यांत पाठ उघडली की कडेची एक छोटी खुंटी बाहेर येते आणि काउंटर मागे जातो. ती खुंटी आत अडकली असेल तर पाठ उघडी असताना बोटानं दाबून सोडा. उसळत नसेल तर लायटर फ्लुइडचा अर्धा थेंब. फेड-२ किंवा झोर्की-४ असेल तर मुळात बिघाडच नाही. त्यांचा काउंटर प्रत्येक रोलला हातानंच फिरवून शून्यावर आणायचा असतो.